कांदोळीचा पाद्री आणि मनाचे दुखणे

पणजीस मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या वाड्याला लागून, एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडत आहे, असे ते शिल्प. रामचंद्र पांडुरंग कामत ह्या गोमंतकीय शिल्पकाराने ते घडविले व १९४५ साली ते तेथे उभे राहिले. मंगेशी-म्हार्दोळच्या दर्शनास बेळगाव, बडोदे, इंदूर अशा गावांहून येणारी आपली मंडळी परतीच्या वाटेवर पणजीत थांबतात, तेव्हा ह्या शिल्पापाशी घटकाभर रेंगाळतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेल्या एका वृद्ध पाहुण्यांनी ते बराच वेळ निरखले आणि विचारले, "हा तुमच्याकडचा कोणी घाडी काय?"

आम्हांला हसू आले. परंतु मागाहून विचार करता वाटले, की पाहुण्यांनी पाहिले ते बरोबरच पाहिले. हात पसरलेला पुरुष आणि भान हरपलेली स्त्री पाहून ज्याला त्याला असेच वाटणार, की सामर्थ्य त्या पुरुषाच्या हातांत आहे आणि ते त्या स्त्रीवर चालले आहे. मौज अशी, की हा पुरुष, म्हणजे कांदोळीचा पाद्री जुझे कुश्तोदियु फारिया, आयुष्याची अखेरची वर्षे नेमके ह्याच्या उलट सांगण्यात वेचून गेला. माझ्या हातांत काही नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, हा त्याचा सिद्धान्त. मनाचे दुखणे म्हणजे काय आणि ते ओळखावे कसे, ह्या प्रश्नाच्या इतिहासात गोमंतकाच्या ह्या पुत्राला जे स्थान आहे, ते आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नाही. त्याचा विचार करण्यास आम्हांला एक घरगुती कारणही आहे. ते आधी सांगतो.

आमच्या आजोळच्या घरी माजघराच्या पलीकडे एक लहानशी खोली होती. तीत आमच्या आईची एक आत्या राहत असे. दोन मुले एकापाठोपाठ एक गेल्यानंतर ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. प्रथम घाडी बोलावण्यात आला. बाहेरची बाधा आहे असे त्याने सांगितले. नारळ उतरले, उतारे टाकले, कुलदेवतेचा कौल घेतला. गुण येईना तेव्हा घरातील शिकलेल्या मंडळींनी दुसरा निवाडा दिला: बाधा वगैरे काही नाही, बाई मनाने दुबळी आहे, तिने मन घट्ट केले पाहिजे. ह्या दोन निवाड्यांच्या मध्ये आत्याची वीस-बावीस वर्षे त्या खोलीत गेली. दाराला बाहेरून कडी असे. मुलींची लग्ने व्हावयाची असल्यामुळे पाहुण्यांदेखत तिचे नाव कोणी काढीत नसे. शेजारची एक म्हातारी मात्र अधूनमधून दुपारी खिडकीशी बसून तांदूळ निवडीत तिच्याशी इकडचे तिकडचे बोले. त्या दिवशी आत्या पोटभर जेवी, असे आई सांगत असे. ह्या गोष्टीकडे घरातल्या कोणी लक्ष दिले नाही.

बाहेरची बाधा आणि मनाचा दुबळेपणा, हे दोन्ही निवाडे फार जुने आहेत. परंतु आपल्या शास्त्राने ते दिले आहेत असे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातवा अध्याय उन्मादाविषयी आहे. त्यात शेवटी आचार्यांनी जे सांगितले आहे ते देवळात वाचून दाखवावे इतके स्पष्ट आहे. जो स्वतः क्लेशात नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस ह्यांपैकी कोणीही क्लेश देत नाही. बुद्धीच्या चुकीतून उपजलेल्या रोगासाठी शहाण्याने देवांना, पितरांना वा राक्षसांना दोष देऊ नये, असा त्याचा आशय आहे. भूतोन्मादाचे वर्णन ज्या ग्रंथात विस्ताराने येते त्याच ग्रंथात हे यावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच संहितेत चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले आहेत. मंत्र, बली, व्रत, तीर्थयात्रा हा दैवव्यपाश्रय. आहार व औषध हा युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरून धरणे हा सत्त्वावजय. आपल्याकडे पहिला मार्ग सर्वांना ठाऊक आहे, दुसरा वैद्य-डॉक्टरांना ठाऊक आहे. तिसऱ्याचे नावसुद्धा आपण विसरून गेलो. पुढे ज्याला युरोपात शब्दाने करावयाचा उपचार म्हणू लागले त्याचे बीज ह्या तिसऱ्या मार्गात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मात्र बीज असणे वेगळे आणि झाड वाढविणे वेगळे. ते आपण वाढविले नाही हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आता फारियाकडे वळू. त्याचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी गावी झाला. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, सोळाव्या शतकात धर्मांतरित झालेले. त्याच्या आईबापांचे पटले नाही; दोघे विभक्त झाली, बाप कायतान व्हितोरिन पुन्हा पाद्रीपणाकडे वळला आणि आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली. घर असे मोडल्यावर पंधरा वर्षांचा मुलगा १७७१ साली बापाबरोबर लिस्बनला निघाला तो पुन्हा गोव्यास परतला नाही. रोममध्ये त्याचे शिक्षण झाले. १७८० साली तो पाद्री झाला.

ह्यानंतरची आख्यायिका गोव्यात लहानथोर सर्वांस माहीत आहे. पोर्तुगालची राणी मारिया हिच्यासमोर प्रवचन करण्यासाठी तो व्यासपीठावर चढला आणि समोरचा दरबारी थाट पाहून त्याची बोबडी वळली. एक शब्द सुचेना. तेव्हा खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" ही सारी माणसे म्हणजे पालेभाजी समज आणि चिरायला लाग, एवढाच त्याचा अर्थ. मुलाची भीती पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. दरबारात दुसऱ्या कोणाला कळू नये आणि मुलाला मात्र लागावे, असे हे शब्द होते. मायबोलीचा हा उपयोग कोणा व्याकरणकाराने नोंदविलेला दिसत नाही. असो. माणसाला गोठविते तेही त्याच्या मनातले चित्र आणि सोडविते तेही चित्रच, हे फारियाने पुढे पॅरिसमध्ये जे मांडले त्याचा पाठ त्याला बापाकडून मिळाला, असे गोव्यातील माणसे अभिमानाने सांगतात. आम्हीही सांगतो.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचे बंड उघडकीस आले. त्यात फारिया बापलेकांचे अंग असल्याचा संशय घेण्यात आला, आणि पुढच्या वर्षी फारिया पॅरिसला गेला. तेथे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत तो सापडला. तो इतिहास मनोरंजक आहे. पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध नाही.

त्या काळचे पॅरिस एका निराळ्याच वेडाने झपाटलेले होते. १७७८ साली व्हिएन्नाहून आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याने सांगितले होते, की विश्वात एक सूक्ष्म द्रव वाहत असतो; माणसाच्या अंगात तो अडला की रोग होतो, आणि आपल्या हातांतून तो द्रव सोडून आपण रोग बरा करतो. लोकांची रीघ लागली. बायका मूर्च्छित पडत, पुरुषांना झटके येत, आणि नंतर पुष्कळांना बरे वाटे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीस मंडळ नेमले. विजेचा शोधक फ्रँक्लिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए ह्यांच्यासारखे लोक त्यात होते. त्यांनी डोळे बांधून, न सांगता, खोटे सांगून अशा नाना प्रकारे परीक्षा घेतली आणि निर्णय दिला, की द्रव म्हणून काही नाही. हा सारा कल्पनेचा परिणाम. निर्णय बरोबर होता. परंतु 'कल्पना' म्हटल्याबरोबर विषय संपला असे त्या थोर माणसांनी मानले. नुसत्या कल्पनेने माणूस मूर्च्छित पडतो आणि नुसत्या कल्पनेने उठून चालू लागतो, तर ही कल्पना आहे तरी काय, असा प्रश्न त्यांना पडला नाही. आमच्या आजोळच्या शिकलेल्या मंडळींनी 'बाधा नाही' म्हटले आणि वही मिटली, त्यातलाच हा प्रकार.

तो प्रश्न फारियाला पडला. १८१३ साली त्याने पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका घरात जाहीर प्रयोग सुरू केले. त्याची रीत अगदी साधी होती. माणसाला आरामखुर्चीत बसवावे, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगावे आणि थोड्या वेळाने ठाम आवाजात म्हणावे, "झोपा!" कोणाकोणाला तो आपला उघडा तळहात रोखून पाहावयास सांगे. मेस्मरच्या पंथातील मंत्रतंत्र, लोखंडी कांड्या, पाण्याची टाकी ह्यांपैकी काहीही नव्हते. पाच-सहा माणसांत एखादा झोपी जाई. झोपलेल्याला तो सांगेल ते दिसे, पाण्याला सरबताची चव येई, दुखरा हात दुखेनासा होई. मग फारिया समोर बसलेल्यांना सांगे, की हे मी केले नाही. माझ्या अंगातून काहीही बाहेर पडलेले नाही. ह्याने एकाग्र होऊन स्वतःच स्वतःला ह्या अवस्थेत नेले. मी केवळ निमित्त.

एखाद्या देवऋषीने भर बाजारात उभे राहून 'माझ्यात काही शक्ती नाही' असे सांगावे, तसे हे झाले. सामर्थ्यावर पोट भरणाऱ्यांना ते रुचले नाही. चर्चला त्यात सैतान दिसला. आणि शहाण्यांना सारे थोतांड वाटले. १८१६ साली त्याची टवाळी करणारे एक नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि शहर खदखदून हसले. फारियाने प्रयोग बंद केले. उरलेले दिवस पाद्रीपणाची लहानशी चाकरी करीत त्याने आपल्या मतांचे पुस्तक लिहिले. ते १८१९ साली बाहेर पडले, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी त्याचे देहावसान झाले. त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हते.

फारियाचे सारेच म्हणणे खरे ठरले असे समजू नये. काही माणसांनाच ही निद्रा का येते, ह्याचे कारण तो त्यांच्या रक्ताच्या पातळपणात शोधीत असे. ते चूक होते. ह्या विद्येने सर्व रोग बरे होतात असेही नाही. परंतु त्याचा मुख्य सिद्धान्त टिकला. १८४० नंतर ब्रेड नावाच्या ब्रिटिश वैद्याने ह्या निद्रेला शास्त्रीय नाव दिले, आणि पुढे फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम ह्या वैद्यांनी शब्दाच्या सूचनेने उपचार करण्याची पद्धत उभारली. सूचनेचे तत्त्व प्रथम फारियाने सांगितले, हे बर्नहाइमने मान्य केले. गोमंतकीय वैद्य डॉ. दालगाद ह्यांनी १९०६ साली फारियाचे चरित्र प्रसिद्ध करून विसरलेल्या माणसास पुन्हा उजेडात आणले.

१९२५ साली त्याच्यावर आणखी एक पुस्तक लिस्बनच्या एका नामवंत डॉक्टराने लिहिले. त्याचे नाव एगास मोनिश. ह्याच मोनिशने दहा वर्षांनंतर, १९३५ साली, मनोविकार बरे करण्यासाठी मेंदूच्या पुढील भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया शोधली आणि तिच्यासाठी १९४९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जगभर हजारो रोग्यांवर ती शस्त्रक्रिया झाली. पुष्कळांची मने त्यामुळे कायमची विझली. आणि औषधे निघाल्यावर ती मागे पडली. शब्दाने मन हलते असे सांगणाऱ्याचे चरित्र ज्याने आदराने लिहिले त्यानेच मेंदूत सुरी घालावी, ह्याला काय म्हणावे ते आम्हांस कळत नाही.

आपल्या देशात ह्या अवधीत काय चालले होते ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. इंग्रजी राज्यात १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. १८८६ साली रत्नागिरीस आणि १९०१ साली ठाण्यास अशी इस्पितळे निघाली. १९१२ साली नवा कायदा आला. ह्या कायद्यांचा मुख्य हेतू वेड्यांपासून शहाण्यांचे रक्षण करणे हा होता, त्यामुळे भिंती उंच आणि उपचार थोडे. साध्या इस्पितळात इतर रोग्यांसारखे जाऊन मनाचे दुखणे दाखविण्याची सोय प्रथम १९३३ साली कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस ह्यांनी केली, मुंबईस जे. जे. इस्पितळात ती १९३८ साली झाली. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील मनोरुग्णालयास फारियाचेच नाव होते. १९८० साली त्यातून मनोविकार व मानवी वर्तन संस्था निर्माण झाली. ती आता बांबोळीस आहे. बेळगाव-कारवारपासूनचे लोक तेथे येतात. ते कोणाला सांगत नाहीत इतकेच.

येथे एक अडचण आहे. फारियाने कारण आत दाखविले, आणि चरकाचार्यांनीही त्याच्या कितीतरी शतके आधी ते आतच दाखविले. पण कारण आत आहे असे म्हणताच घरचे लोक म्हणतात, मग दोषही आतच आहे. तिने मन घट्ट करावे म्हणजे झाले. पिशाच गेले आणि त्याच्या जागी आळ आला. आमच्या आत्याच्या बाबतीत हेच झाले. फारियाचे वाक्य अर्धेच वाचले की असे होते. माणूस आपल्याच मनाच्या बळाने त्या निद्रेत जाई हे खरे. परंतु खुर्ची कोणी तरी मांडावी लागे, शेजारी कोणी तरी शांतपणे बसावे लागे आणि योग्य शब्द कोणी तरी उच्चारावा लागे. सामर्थ्य आतले असले तरी ते एकट्याने जागे होत नाही.

हे इस्पितळांत कळण्यास पुष्कळ काळ लागला. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातलगांस तेथे येऊन राहावयास सांगितले. आई, भाऊ, बायको जवळ राहून शुश्रूषा करू लागली. रोगी लवकर सुधारून घरी जाऊ लागले. आणि गावी परतलेले नातलग हा रोग आहे, पाप नव्हे, असे शेजाऱ्यांस सांगू लागले. मनोरुग्णाच्या उपचारात कुटुंबास सामील करून घेण्याची ही भारतीय रीत पुढे इतरत्रही गेली.

देवळांनी काय केले, असे वाचक विचारतील. तामिळनाडूतील मुथुस्वामींच्या एका देवळात मनोरुग्ण नातलगासह राहत असत. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेतील डॉक्टरांनी तेथील ३१ रोग्यांची पद्धतशीर पाहणी केली आणि ती २००२ साली प्रसिद्ध केली. रोग बहुतेकांचे गंभीर होते. तेथे विशेष विधी काही नव्हता: सकाळी लहानशी पूजा, मग झाडलोट, झाडांना पाणी घालणे, इतरांबरोबर राहणे. सरासरी सहा आठवड्यांनी मोजले तेव्हा लक्षणांची तीव्रता जवळजवळ एक-पंचमांशाने उतरली होती. रोगी थोडे होते आणि तुलनेस दुसरा गट नव्हता, म्हणून ह्यावरून औषधे सोडून देवळात जावे असा अर्थ कोणी काढू नये. तो घातक होईल. परंतु ज्या जागी हाकलून देत नाहीत, हातांना काम देतात आणि माणसासारखे वागवितात, त्या जागेने गुण येतो एवढे त्यावरून खचित म्हणता येईल. ह्याच्या उलट बाजूही त्याच प्रांतात दिसली. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालविलेल्या एका खाजगी निवासाला आग लागली. रोग्यांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मेले. एखाद्या पंथाकडे बोट दाखविण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. साखळी तेथे होती, कडी आमच्या आजोळी होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे आता गुन्हा ठरविले आहे.

आपल्या गोमंतकीय देवळांपुरते बोलावयाचे तर दोन रीती आठवतात. एक कौल. मूर्तीला पाकळ्या लावाव्यात आणि उजवी पडते की डावी ते पाहावे. दुसरी गाऱ्हाणे. भक्ताने आपली अडचण सांगावी आणि पुजाऱ्याने ती त्याच्या नावाने देवापुढे मोठ्याने मांडावी. आम्ही दोन्ही मानतो. तथापि कौलाचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते, आणि मनाच्या दुखण्याला एवढ्या लहान उत्तराने भागत नाही. गाऱ्हाण्यात मात्र मनातली गोष्ट एकदा तरी मोठ्या आवाजात उच्चारली जाते, चार माणसे ती ऐकतात, आणि सांगणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाही. आत्यासाठी घरच्यांनी कौल घेतला. तिला स्वतःला गाऱ्हाणे घालू दिले नाही.

आता अलीकडची हकीकत. ती गोव्यातच घडली, आणि फारियाच्या सिद्धान्ताचा उरलेला अर्धा भाग तिने पुरा केला असे आम्हांस वाटते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था काढली. सोबत, असा त्या नावाचा अर्थ. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या माणसांकडे ह्या मंडळींनी लक्ष दिले. 'मी उदास आहे' असे सांगत कोणी येत नाही. थकवा येतो, अंग दुखते, डोके जड वाटते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार असते. रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन माणूस घरी जातो आणि महिन्याने पुन्हा येतो. म्हणून ओळखण्याची रीत बदलावी लागली. गेल्या दोन आठवड्यांत मन बहुतेक दिवस खिन्न होते काय. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला काय. झोप, भूक, उत्साह ह्यांत फरक पडला काय. कामात लक्ष लागेनासे झाले, बोलणे-चालणे मंदावले काय. आपण नालायक आहो, घरावर भार आहो असे वाटते काय. जगणे नको असे मनात येते काय? असे नऊ प्रश्न आता जगभर विचारले जातात. शेवटचा प्रश्न विचारण्यास लोक कचरतात; विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल अशी त्यांची समजूत असते. ती खरी नाही. स्पष्ट विचारल्याने माणसाला सुटल्यासारखे वाटते आणि त्याला वाचविण्यास वेळ मिळतो.

प्रश्न कोणी विचारावयाचे? मनोविकारतज्ज्ञ देशात मूठभर. तेव्हा वैद्यकाचे पूर्वशिक्षण नसलेल्या, ह्याच मातीतल्या, कोंकणी बोलणाऱ्या स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून आरोग्य केंद्रांत बसविण्यात आले. दुखण्याचे नाव समजावून देणे, धीराने ऐकणे, गरज असेल त्याला डॉक्टरांकडून औषध मिळवून देणे आणि घरी जाऊन विचारपूस करणे, हे त्यांचे काम. २४ दवाखान्यांत, २७९६ रोग्यांवर ही परीक्षा झाली आणि २०१० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत ज्यांचा विकार निश्चित झाला होता त्यांपैकी, ह्या स्त्रियांची मदत मिळालेले शेकडा ६६ लोक सहा महिन्यांत बरे झाले. न मिळालेल्यांत ते प्रमाण शेकडा ४३ च्या आत राहिले. खाजगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गट सारखेच, शेकडा पासष्टच्या आसपास, बरे झाले. ह्याचे कारण आमच्या तर्काने असे, की घराच्या ओळखीचा डॉक्टर मुळातच दोन शब्द अधिक बोलतो.

पुढे दहा आरोग्य केंद्रांत ४९५ माणसांवर दुसरी परीक्षा झाली. ही सारी तीव्र खिन्नतेने ग्रासलेली. ह्या वेळी उपचार सहा ते आठ भेटींचा होता, आणि त्याचे तत्त्व आश्चर्य वाटावे इतके साधे. खिन्न माणूस एकेक गोष्ट सोडीत जातो: फिरणे सुटते, भजन सुटते, बहिणीकडे जाणे सुटते, जितके सुटते तितकी खिन्नता वाढते. म्हणून त्याच्याकडून यादी करवून घ्यावयाची, की पूर्वी तुला कशाने बरे वाटे? त्यांतली एकच लहानशी गोष्ट पुढच्या आठवड्यासाठी ठरवावयाची, आणि आठवड्याने विचारावयाचे, झाली का? नाही झाली तर न रागावता, काय आडवे आले ते पाहावयाचे. मन घट्ट कर, असे कोणी म्हणावयाचे नाही. तीन महिन्यांनी ह्या उपचाराने शेकडा ६४ लोक खिन्नतेतून बाहेर आले; नेहमीच्या उपचाराने शेकडा ३९. उन्माद, भ्रम ह्यांसारख्या गंभीर विकारांस अर्थातच औषधांवाचून गत्यंतर नाही, आणि त्यांत तज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये.

आमच्या आजोळची ती शेजारीण, खिडकीशी बसून तांदूळ निवडणारी, ह्याहून निराळे काय करीत होती? तिला शिकविणारे कोणी नव्हते आणि तिची नोंद कोणी ठेवली नाही, एवढाच फरक.

राष्ट्रीय पाहणीत, २०१५-१६ साली, देशातील दर दहा प्रौढांत एकाला कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि बहुतेकांना उपचार पोहोचत नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने 'टेलि-मानस' सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आपल्या घरांत हा क्रमांक किती ठिकाणी पंचांगाशेजारी लिहिलेला असेल?

आमची एक सूचना आहे. आपल्या प्रत्येक मोठ्या देवस्थानास अग्रशाळा आहे. जत्रेचे दिवस सोडले तर तिच्या कित्येक खोल्या रिकाम्या असतात. त्यांतल्या एका खोलीत आठवड्यातून एक दिवस, शिकून तयार झालेली, कोंकणी-मराठी बोलणारी एखादी बाई बसावी, आणि ज्याला गाऱ्हाणे देवापुढे मोठ्याने घालवत नाही त्याने ते तिच्याकडे येऊन हळू घालावे. तज्ज्ञाची गरज दिसली तर तिने बांबोळीची किंवा जवळच्या इस्पितळाची वाट दाखवावी. देवळात हे कशाला, असे काही जण म्हणतील. लोक येथे आधीच येतात, म्हणून. बांबोळीच्या दारात पाय ठेवावयास ज्याला लाज वाटते त्याला देवळाच्या पायऱ्या चढावयास लाज वाटत नाही.

आमच्या गावच्या देवस्थानच्या महाजनांपुढे आम्ही ही सूचना लेखी ठेवली आहे. एका वृद्ध महाजनांनी विचारले, की तेथे कोणी आलेले दुसऱ्यांनी पाहिले तर त्या घरच्या मुलींच्या लग्नांचे काय? प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्यांना आमच्या आजोळच्या खोलीची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आमच्याकडेही एक होती." पुढील बैठक गणेशचतुर्थीनंतर व्हावयाची आहे.